ताईंचं सोंग

पंपांच्या कारखान्यात स्टोअरच्या खिडकीशी ताई बावीस वर्षं बसत. कुणी नुसतं बोटांनी माप दाखवून "एवढा वॉशर द्या" म्हटलं, तरी त्या नेमका तोच काढून देत. मग कारखाना एका मोठ्या कंपनीत विलीन झाला आणि फर्मान निघालं. ज्याची त्याने मागणी कॉम्प्युटरवर नोंदवल्याशिवाय साधा नटसुद्धा मिळणार नाही.

ताईंना ते दोन दिवसांत जमलं. सगळ्यांत जुन्या फिटरकाकांना मात्र जमेना, आणि विचारायला अभिमान आडवा येई. नुसत्या आवाजावरून पंपाचं दुखणं ओळखणारा हा माणूस, नव्या कंपनीच्या पोरसवदा साहेबांना "कुठलं बटण दाबू" म्हणून कसा विचारणार? ते खिडकीकडे फिरकेनासेच झाले. भंगारातले सुटे भाग घासूनपुसून वापरू लागले.

सोमवारी चहाच्या वेळी ते हळूच म्हणाले, "शुक्रवारी राजीनामा देतोय ताई. लिहून ठेवलाय."

 ताई नव्या होत्या तेव्हा एकेक भाग काकांनीच ओळखायला शिकवला होता, तोही चारचौघांत कधी चूक न काढता. आणि समजूत घालून ऐकतील तर ते काका कसले.

दुसऱ्या दिवशी साहेब सगळ्यांना शिकवायला बसले, तेव्हा ताईंनी हात वर केला.

"साहेब, डोक्यावरून गेलं. पहिल्यापासून सांगता?"

साहेबांनी सांगितलं. ताईंनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदाही विचारलं.

"स्टोअरवालीलाच येईना, म्हणजे झालंच कल्याण," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. ताईंना ते लागलं, खोटं कशाला बोला. पण काका मान पुढे काढून पडद्याकडे बघत होते, आणि त्यांचं बोट मांडीवर हलत होतं.

शुक्रवारी सकाळी काका खिडकीशी आले. ताईंना त्यांच्याकडे बघवेना.

"सरका जरा," म्हणत काका आत येऊन खुर्चीत बसले. एकेक अक्षर शोधत त्यांनी एका बेअरिंगची मागणी नोंदवली. "हे असं करायचं. आणि चारचौघांत विचारत जाऊ नका, लोक हसतात. अडलं की मला विचारा."

मग खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी ताईंच्या हातात दिला. त्यावर सगळं क्रमाने लिहिलेलं होतं.

"पाठ होईपर्यंत जवळ ठेवा."

ते बेअरिंग घेऊन गेल्यावर ताईंनी कागद उलटून पाहिला. मागे राजीनामा होता, सहीसकट.

तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी ताईंचं काहीतरी अडतं.