छातीच्या डॉक्टरांना पायाचं सांगितलं नाही

देव आपल्यावर रागावला आहे, असं मला त्या उन्हाळ्यात पक्कं वाटू लागलं होतं. हर्सूलचा तलाव तळाला गेला होता, तरी शहरात जिकडंतिकडं इमारती उठत होत्या आणि त्यांच्यासाठी टँकर धावत होते. आम्ही नवरा-बायको वाशीमकडून सेंट्रिंगच्या कामाला आलेलो. मी सातवीत शाळा सोडलेली, इथं हक्काचं माणूस कुणी नाही. कामावर फळीवरून घसरून माझा डावा पाय मोडला. सहा आठवडे प्लास्टर. पडल्या पडल्या मी खुलताबादच्या भद्रा मारुतीला नवस बोलले, पाय बरा कर, घाट पायी चढून दर्शनाला येईन.

प्लास्टर निघालं, पण पोटरीची सूज उतरेना. ती दुखायची, हाताला गरम लागायची. मग दमही लागू लागला. हंडा उचलला की छातीत कळ यायची. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी छाती तपासून सिमेंटच्या धुळीचं औषध दिलं. पायाचं मी त्यांना सांगितलंच नाही. छाती दाखवायला गेले होते, पायाचं कशाला काढायचं? आणि पाय का सुजला हे मला ठाऊकच होतं. नवस फेडायचा राहिला होता.

एका शनिवारी सकाळी हे कामावर गेल्यावर मी एसटीनं दौलताबादला उतरले आणि घाट चढू लागले. पहिल्या वळणापुढं पाऊल उचलेना. श्वास वरच्या वर राहायचा. कठड्याला टेकून बसले. इथंच गेले तर ह्यांना कोण कळवणार, एवढंच मनात येत होतं.

वरून एक रिकामा टँकर उतरत आला आणि थांबला. पिकल्या मिशांचा ड्रायव्हर होता, शेजारी त्याची बायको. ती बाई खाली उतरली, पाणी पाजलं आणि माझ्या पायाकडं बघत राहिली.

"एकच पाय सुजलाय व्हय गं माय? अन् दम बी लागतो?"

मी मान हलवली.

"मला धाकट्याच्या बाळंतपणानंतर अस्संच झालं व्हतं. पायातली गाठ छातीत गेली व्हती. ऊठ, दवाखान्यात चल."

मी म्हणाले, "पण मावशी, नवस आहे."

ड्रायव्हर वरूनच ओरडला, "देव काय पळून चाललाय व्हय? तो तर निजलेलाच हाय!"

भद्रा मारुतीची मूर्ती आडवी, निजलेली आहे. त्या हालतीतही मला हसू फुटलं आणि हसताना कळ आली.

"तुमचं तोंड बंद करा अन् गाडी चालवा," मावशी म्हणाली.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, दोन्ही पोटऱ्या टेपनं मोजल्या. म्हणाल्या, पायातली रक्ताची गाठ सुटून फुफ्फुसात अडकली असावी. सीटी अँजिओग्राफी करू. मला वाटलं, ती तर हृदयाची असते. त्यांनी समजावलं, हातातून औषध सोडतात, ते फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतून जाताना फोटोत पांढरं दिसतं. मध्येच काळं दिसलं की तिथं गाठ. गळ्यातलं काढायला सांगितलं. लग्नापासून मंगळसूत्र कधी उतरवलं नव्हतं. मावशीनं पदर पुढं केला आणि पदराच्या टोकाला ते गाठ मारून बांधलं. तासाभरापूर्वी मी त्या बाईला पाहिलंही नव्हतं.

गोल मशीनमध्ये हात डोक्यावर घेऊन निजले. मशीन चालवणारा माणूस म्हणाला, "ताई, औषध गेलं की अंग गरम होईल, लघवी झाल्यासारखं वाटेल. सगळ्यांनाच वाटतं, घाबरू नका. श्वास धरा म्हटलं की धरायचा." ज्याच्यासाठी जीव तडफडत होता, तोच श्वास धरायचा! मी म्हणाले, "नाही जमलं तर?" तो म्हणाला, "जमेल तेवढा धरा." गळ्यापासून खालपर्यंत ऊन ऊन लाट गेली. मी नवस बोलले नाही, काही मागितलंही नाही. जमेल तेवढा धरला. इतकी शांत मी कित्येक महिन्यांत झाले नव्हते.

गाठी दोन्ही बाजूंना निघाल्या. आणखी चढले असते तर काहीही झालं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लगेच इंजेक्शन सुरू झालं, पुढं सहा महिने रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या. ड्रायव्हरनं फोन करून ह्यांना कळवलं होतं. हे धावत आले तेव्हा मावशीनं पदराची गाठ सोडून मंगळसूत्र त्यांच्या हातात दिलं आणि मगच ती गेली. ती देवी होती असं मी म्हणत नाही. देवीचे गुडघे दुखत नसावेत, तिचे लई दुखतात. अजून जाणं-येणं आहे आमचं. पण त्या घाटात, त्याच घडीला, तोच आजार सोसलेली बाई कुणी धाडली, हे विचारायचंही मी सोडून दिलं आहे. नुसते डोळे भरून येतात.

एक मात्र बदललं. आधी देवापुढं उभी राहिले की मी बोली लावायचे, तू हे कर, मी ते करीन. आता हात जोडते, कुठं दुखतंय तेवढं खरं सांगते, आणि गप्प राहते.