आकाराममामांच्या खोलीतला भोंगा

कसबा बावड्यातल्या त्रिशला नेजकर जेवायला बसल्या तरी त्यांचं निम्मं लक्ष जिन्याकडं असायचं. कोण वर गेलं, कुणी नळ उघडा टाकला, कुणाच्या दाराला कुलूप नाही, सगळं त्यांना कळायला हवं. ती तीन मजली इमारत त्यांनी आणि त्यांचे पती बापूसो यांनी मिळून उभी केली होती. मधल्या मजल्यावर ती दोघं. खाली भाडेकरू उदयसिंह आणि क्रांती. क्रांती घरातून डबे करून द्यायची. वरच्या मजल्यावर एका खोलीत आदिती आणि तेजस्वी या नर्सिंगच्या विद्यार्थिनी, आणि शेजारच्या खोलीत आकाराममामा. मामा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटे, आवाजाला दणकट. या वयात आपल्याला एक गोळी नाही, असं ते भेटेल त्याला सांगायचे.

मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीत एका भाड्याच्या खोलीत फ्रिजचा प्लग जळाला. आत अनुजा नावाची मुलगी रात्रपाळी करून दुपारची झोपली होती. जाळ असा झालाच नाही, नुसता धूर. लोकांनी दार फोडून तिला बाहेर आणलं तेव्हा त्रिशलाबाई गर्दीत होत्या. मुलीच्या नाकाखाली काजळी धरली होती. ती वाचली. पण पुढं त्या तिला भेटायला जयसिंगपूरला तिच्या घरी गेल्या, तेव्हा चार शब्द बोलली की तिला ढास लागत होती.

"तुला वास कसा आला न्हाई गं?" त्रिशलाबाईंनी विचारलं.

"वासानं जाग येत न्हाई काकी," अनुजा म्हणाली. "मला बी वाटायचं की येते."

परतीच्या एसटीत त्रिशलाबाईंना खिडकीची जागा मिळाली होती, तरी त्या सारख्या उठून उभ्या राहत होत्या. आपल्या घरात इतकी माणसं झोपतात आणि वर-खाली जायला जिना एकच. घरी येऊन त्यांनी पुण्याला मुलाला, अनेकांतला फोन लावला. तो म्हणाला, धुराचा अलार्म मिळतो, छताला लावायचा. बापूसो म्हणाले, "आपल्यात कोण लावतंय असलं? हाटेल हाय व्हय हे?"

दुसऱ्याच दिवशी त्या बाजारातून सापडला तो अलार्म घेऊन आल्या आणि वायरमन धैर्यशीलला बोलावून क्रांतीच्या स्वयंपाकघराच्या दारावर बसवून घेतला. आग लागली तर तिथंच लागणार, असा त्यांचा हिशेब. क्रांतीनं मिरच्या भाजायला घेतल्या आणि तो असा किंचाळला की रस्त्यावरची माणसं थांबली. संध्याकाळी त्रिशलाबाई खाली डोकावल्या तर उदयसिंहनं अलार्मला प्लॅस्टिकची पिशवी घालून वर रबर लावलं होतं.

"हे काय चाललंय?" त्या कडाडल्या.

क्रांतीनं हात पुसले. "आक्का, रागावू नका. मी दिवसभर फोडण्या टाकणार आणि ह्यो दिवसभर बोंबलणार. मग उद्या खरंच पेटलं तरी मी म्हणणार, बोंबलू दे तिकडं."

त्रिशलाबाई वर गेल्या. पोरगी खोटं बोलत नव्हती. मग कितीतरी दिवस त्या चष्मा लावून मोबाईलवर माहितीपत्रकं वाचत बसल्या. बसल्या म्हणजे फेऱ्या घालत वाचत राहिल्या. स्वयंपाकघरात धूर ओळखणारा नको, उष्णता ओळखणारा हवा. धुराचा बाहेर, झोपायच्या खोल्यांत आणि जिन्याच्या वर-खाली. आणि सगळे एकमेकांना बिनतारी जोडलेले, म्हणजे जिन्याखाली एक वाजला की घरभर सगळे वाजतील. तसले अनेकांतनं शोधून धाडले.

धैर्यशील पुन्हा शिडी घेऊन आला. आकाराममामांच्या खोलीत त्यानं कोपऱ्यातल्या जुन्या भोकात स्क्रू घालायला घेतला.

"कोपऱ्यात नको," त्रिशलाबाई म्हणाल्या. "धूर वर जातो, पण कोपऱ्यात नीट शिरत न्हाई. मधे घे. आणि पंख्यापासनं लांब, वाऱ्यानं धूर उडतो."

"आक्का, मधे वायरिंग न्हाई."

"त्याला वायर कुठं लागतीया? सेलवर चालतंय ते."

मामा खाटेवर बसून हसत होते. "वहिनी, कारखान्याच्या भोंग्यावर मी जन्म काढला. ह्या वाटीएवढ्या भोंग्याला काय भितोय मी?"

सगळे बसवून झाल्यावर त्रिशलाबाईंनी खाली जिन्याजवळचं चाचणीचं बटण दाबलं. तीनही मजले एकदम किंचाळले. क्रांती कानावर हात ठेवून अंगणात पळाली. धैर्यशीलला ते दाबून धरायला सांगून त्रिशलाबाई जिना चढून वर आल्या. आदिती आणि तेजस्वी कानात बोटं घालून दारात उभ्या होत्या. शेजारी मामांचं दार उघडं होतं. मामा खाटेवर बसून पेपर वाचत होते आणि त्यांच्या बरोबर डोक्यावर अलार्म लाल दिवा मारत कर्कश ओरडत होता. मामांनी निवांत पान उलटलं. मग दारात माणसं दिसली म्हणून त्यांनी मान वर केली.

"काय वहिनी, बसवलासा न्हवं? आता वाजवून तर दावा की."

आदितीला हसू फुटलं, ते तिनं ओढणीत दाबलं. त्रिशलाबाईंनी नुसतं वर बोट केलं. मामांनी वर पाहिलं, लाल दिवा पाहिला. हळूहळू खाटेवर उभे राहिले आणि अलार्मवर तळवा ठेवला. तो तळव्याखाली थरथरत असणार, कारण त्यांचा चेहरा उतरला.

"बिघडलाय," ते म्हणाले आणि खाली उतरून पेपरची घडी घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दाराला कुलूप होतं. ते मुरगूडला बहिणीकडं गेले होते आणि जाताना बापूसोंना सांगून गेले होते की खोली सोडतोय, सामान नंतर नेतो.

"झालं तुझ्या मनासारखं?" बापूसो म्हणाले. "आयुष्यात कधी कुणापुढं मान खाली घातली न्हाई त्यानं. काढ ते यंत्र आणि बोलाव त्याला."

"काढू? आता तर मला कळलंय की त्यास्नी ऐकायला येत न्हाई. आता कसं काढू?"

त्या दिवसांत त्यांना अन्न गोड लागेना. वरच्या मजल्यावर झाडायला जायच्या आणि कुलपापाशी केरसुणी तशीच धरून उभ्या राहायच्या. आदिती एकदा जिन्यात भेटली. "काकी, मी हसले म्हणून गेले का हो ते?" एवढं विचारून ती रडायला लागली. मग डोळे पुसून तिनंच समजावून सांगितलं, की यंत्रांजवळ वर्षानुवर्षं काम केलेल्यांचे कान बारीक, टोकदार आवाजाला आधी जातात. जाड आवाज ऐकू येत राहतो, म्हणून माणसाला स्वतःलाही कळत नाही.

त्रिशलाबाईंनी त्याच दुपारी मुरगूडची एसटी पकडली.

मामांची बहीण अंबूबाई यांच्या सोप्यात मामा शेंगा फोडत बसले होते. त्रिशलाबाईंना पाहून त्यांनी शेंगांकडंच तोंड ठेवलं.

"कारखान्याचा भोंगा मला ऐकू येतोय," ते म्हणाले. "मग बहिरा कसा मी?"

"तो जाड आवाज, मामा. ह्याचा बारीक हाय." त्यांनी आदितीनं सांगितलेलं सगळं मोठ्यानं सांगितलं.

"पोरी हसल्या मला."

"एकच हसली. आणि आज जिन्यात रडली बी तीच."

मामांचा हात थांबला. हातातली शेंग तशीच खाली ठेवत ते म्हणाले, "लग्नाकार्याला जाईनासा झालोय मी. लोकं बोलत्यात, मी नुसता मान हलवतोय. मला वाटायचं, हल्ली लोकंच हळू बोलाय लागल्यात."

त्रिशलाबाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. "गादीखाली ठेवायची एक चकती मिळती. घरात कुठंबी अलार्म वाजला की ती खाट हलवती आणि दिवा लखलखतो. ती लावू. मग खोली सोडायची का ऱ्हायाचं, तुमी ठरवा."

"घिऊन जावा की त्याला," आतून अंबूबाई ओरडल्या. "जेवाय हाका मारून माझा घसा बसलाय!"

हे वाक्य मामांना स्पष्ट ऐकू गेलं, आणि ते हसले.

मामा परत आले, चकती बसली. पहिल्या चाचणीला मामा म्हणाले, ही तर एसटीची मागची शीट. पण काढायला सांगितलं नाही.

उदयसिंहकडं विजेवर चालणारी स्कूटर होती. तो ती जिन्याखाली चार्जिंगला लावायचा. त्रिशलाबाई रोज टोकायच्या, तो रोज "उद्यापासनं बाहेर लावतो आक्का" म्हणायचा. पावसाळा सरत आला होता. एका दुपारी उदयसिंह स्कूटर तिथंच चार्जिंगला सोडून चालत कामावर गेला होता, क्रांती डबे भरत होती, पोरी कॉलेजात होत्या, मामा वर झोपले होते, आणि घरभर अलार्म वाजायला लागले.

त्रिशलाबाईंनी दार उघडलं तर जिन्यातून काळा, आंबूस वासाचा धूर वर चढत होता. बापूसोंनी दार धाडकन लावलं आणि त्यांना गॅलरीत ओढलं. खाली क्रांती अंगणात पोचली होती आणि फोनवर अग्निशमन दलाला पत्ता सांगत होती.

"मामा वर हायेत!" त्रिशलाबाई म्हणाल्या आणि पुन्हा दाराकडं वळल्या.

बापूसोंनी त्यांचं मनगट धरलं. "जायचं न्हाई."

"सोडा मला!"

"जिन्यात धूर हाय, त्रिशला. जायचं न्हाई."

त्या हाका मारत राहिल्या. हाक वर पोचली तरी ऐकणार कोण, हे कळत असूनही मारत राहिल्या. इतकी वर्षं घरभर फिरणारी ती बाई गॅलरीच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून होती आणि तिला कुठंच जाता येत नव्हतं. अलार्म ओरडत होते. चकती खरंच हलली असेल का? सेल उतरला नसेल ना? मामांनी ती रागानं काढून तर ठेवली नसेल?

तेवढ्यात वरच्या गॅलरीतून एक ओला पंचा खाली लोंबला आणि जोरजोरात हलायला लागला.

"वहिनीऽऽ! दार लावून घेतलंय मी! फटीला चादर कोंबलीया! तुमी जिन्यात येऊ नगा, सांगतोय!" तो आवाज बावड्याच्या टोकापर्यंत गेला असेल.

त्रिशलाबाई आत धावल्या आणि त्यांनी आपल्याही दाराच्या फटीला चादर कोंबली.

अग्निशमन दलाच्या माणसांनी शिडी लावून आधी मामांना उतरवलं, मग या दोघांना. स्कूटरचा जळून सांगाडा झाला होता, जिना काळाठिक्कर पडला होता. माणूस एकही भाजला नाही. अंगणात मामा जमेल त्याला सांगत होते, "खाट अशी हलली, मला वाटलं भूकंप! डोळं उघडलं तर दिवा लखलखतोय." उदयसिंह कामावरून धावत आला आणि मान खाली घालून उभा राहिला. त्रिशलाबाईंना बोलायचं पुष्कळ होतं, पण आवाज बसला होता. तोच म्हणाला, "आक्का, चुकलं माझं." पुढच्या रविवारी त्यानं सगळा जिना स्वतः खरवडून रंगवला.

त्यानंतर त्रिशलाबाईंनी मागच्या बाजूनं, तिसऱ्या मजल्यापासून जमिनीपर्यंत, लोखंडी जिना बसवून घ्यायला काढला. वेल्डिंगच्या ठिणग्यांकडं बघत बापूसो कुरकुरले, "आता हे काय नवीन?" पण जिना झाल्यावर सकाळी दूध आणायला ते त्याच जिन्यानं उतरायला लागले.

आणि आकाराममामा आदितीला घेऊन कानाच्या डॉक्टरांकडं गेले. आत तपासणीला जाताना त्यांनी तिला बजावलं, "तू आतच थांब. डॉक्टर काय पुटपुटला, ते मला मोठ्यानं सांगायचं. आणि हसायचं तर हस, पर मोकळं हस की!"