तीन वेढ्यांची गाठ

फांदीवाले जमिनीपासून हातभर उंचीवर दोराला लटकले आणि लटकल्या लटकल्या सरकत खाली आले. बूड मातीला टेकलं.

"उठा," बायको म्हणाली.

झाडं छाटण्याच्या धंद्यात त्यांची बावीस वर्षं गेली. सगळा गाव त्यांना फांदीवाले म्हणे. झाडावर ते चढत, खालचा दोर बायको सांभाळे. वर जाताना जाड दोराभोवती पातळ दोरीचे तीन वेढे घालून ती दोरी ते कमरेच्या पट्ट्याला अडकवत. हाताने ढकलली की ही गाठ वर सरकते, अंगाचा भार पडला की जागीच आवळते. फांदीवाल्यांना ती बांधणं म्हणजे हातचा मळ. पण गेल्या आठवड्यात करवतीने जुना दोर कापला आणि नवा आणावा लागला. हा नवा तेल पाजल्यासारखा गुळगुळीत.

"दोर नवा आहे. रुळेल."

"रुळेपर्यंत तुम्ही शिल्लक राहायला हवं ना!"

चार वेढे घातले. पहिले पाढे पंचावन्न. फक्त या वेळी सावकाश खाली आले.

शाळेच्या फाटकावर मोडकी फांदी लोंबत होती. दोन वाजता मुलं सुटायची. मोठ्या बाई खिडकीतून तिसऱ्यांदा डोकावल्या. "अहो, झुला खेळताय की काम करताय? मागच्या वेळी आलेला माणूस तर नुसता सरसर चढला होता!"

फांदीवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पाच वेढे खसाखसा गुंडाळून त्यांनी अंग टाकलं. गाठ धरली. "झालं! चढतो."

"थांबा. तिसरा वेढा दुसऱ्यावर चढलाय. सोडा, परत बांधा."

"धरलीय ना गाठ?"

"आता धरलीय. वर गेल्यावर वेढा घसरून जागेवर आला, की पडेल ढिली."

"बावीस वर्षं बांधतोय मी! आता तू शिकवणार?"

"मी कुठे शिकवतेय? नियम तुमचाच. तीनदा लटकायचं, आणि खालच्याने 'बरं' म्हटल्याशिवाय वर जायचं नाही. मी अजून म्हटलेलं नाही."

नियम त्यांचाच होता. सात वर्षांपूर्वी गप्पांच्या नादात बांधलेली गाठ सुटली, गळ्याजवळचं हाड मोडलं, तेव्हा खाटेवर पडल्या पडल्या केलेला. तेव्हा बरा वाटला होता. आता दात-ओठ खात त्यांनी गाठ सोडली, एकेक वेढा बोटाने शेजारी शेजारी बसवला, तीनदा लटकले. गाठ केसभरही सरकली नाही.

"बरं," ती म्हणाली.

आता नवंच संकट. पाच वेढ्यांची गाठ धरायची ती सोडायचीच नाही. पायांनी दोर पकडून अंग उचलायचं, दोन्ही अंगठ्यांनी गाठ सैल करायची, वीतभर ढकलायची, पुन्हा लटकायचं. जुन्या दोरावर दहा मिनिटांत संपणाऱ्या चढाईने नाकी नऊ आणले. दोन वाजले तेव्हा ते निम्म्यावरच होते. मुलांना मागच्या दाराने सोडावं लागलं. फांदी उतरली साडेचारला.

"एवढ्याशा फांदीला अख्खा दिवस!" मोठ्या बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

फांदीवाले गाठ सोडू लागले. गाठ आवळून दगड झाली होती. सोडताना नख मोडलं, तेव्हा त्यांनी खिशातून चाकू काढला.

"आण इकडे," म्हणून बायकोने गाठ काढून घेतली. ती दोन तळव्यांत मळली, एक टोक आत रेटलं, वेढे सुटले. "आधी रेटायचं, मग ओढायचं. तुम्ही पहिल्यापासून नुसतं ओढताय."

संध्याकाळी त्यांनी नवा दोर खिडकीच्या गजाला बांधला. वेढे घालायचे, लटकायचं, सोडायचे. छप्पन्नाव्या वर्षी पहिलीच्या पोराची बाराखडी! अकराव्यांदा गाठ जरा बरी सरकली, तरी जुन्या दोराची सर नव्हती.

"उद्या किती वाजता निघायचं?" आतून तिने विचारलं.

"एक तास आधी," ते करवादले. "गाठीलाच लागणार तो."

"बरं," ती म्हणाली.