आक्काची फटफटी

आक्का गेल्याचं मला तिच्या सासरगावच्या, वाटूरच्या एका गाडीवानानं सांगितलं. बदनापूर स्टेशनाजवळ आमचं घर. तो कुणा पाहुण्याला आगगाडीवर सोडायला आला होता. दारातूनच म्हणाला, "तुमची आक्का गेली परवा. उरकलं समदं. आज गाडी येळेवर हाये का हो?" मी म्हणाले, आहे. तो निघून गेला. सख्खी थोरली बहीण गेली आणि सासरच्यांनी कळवण्यापुरतं माणूससुद्धा पाठवलं नाही. कशानं गेली, तेही मला अजून कुणी धड सांगितलेलं नाही. आता महिना उलटला. गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहायची रीत आहे. मला ते जमणार नाही, कारण माझा राग जितका त्या घरावर आहे तितकाच आक्कावरही आहे.

आक्काचे यजमान, आमचे दाजी, भारी हौशी. जालन्याच्या छावणीतला एक साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याची फटफटी दाजींनी विकत घेतली. त्या टापूत तशी दुसरी नव्हती. वाटूरहून जालन्यापर्यंत ती पिटाळायची, धुळीनं पांढरं होऊन परतायचं आणि ओसरीवर बसून तिचंच कौतुक सांगायचं, हा त्यांचा उद्योग. वर्षभरात ते तापानं गेले. आक्का तेव्हा ऐन विशीत, पोटी मूलबाळ नाही. सासऱ्यांनी चार माणसांत सांगून टाकलं, की शेतीवाडीत हिचा वाटा नाही, खाऊनपिऊन राहावं. फटफटी तेवढी हिची. घरात दुसऱ्या कुणाला ती चालवता येत नव्हती, म्हणून हा उदारपणा!

सासरे गेले आणि कारभार दिराकडे, रंगनाथरावांकडे आला. दळण, धुणं, शेणगोठा, सगळं आक्काच्या अंगावर. रंगनाथराव कधी हात उगारत नसत. त्यांना जिभेचं काम चांगलं जमायचं. आक्कानं स्वतःच्या भाकरीवर तेल घेतलं की ओसरीवरून आवाज यायचा, "वहिनी, फटफटीचं उरलं का?" मी कितीदा म्हटलं, बदनापूरला ये. ती म्हणायची, "धाकट्या बहिणीच्या सासरी राहू व्हय? लोक थुकतील तोंडावर. मी जाईन तर माझ्या फटफटीवर जाईन." म्हणजे फटफटी विकून. जालन्यात एक खोली, एक चूल, आणि उठल्याबसल्या कुणाचं ऐकून घ्यायचं नाही. आयुष्यात तिला एवढंच हवं होतं, आणि तेवढ्यासाठी तिनं ती फटफटी जिवापाड जपली.

जपली म्हणजे कशी, तर पूजेला लावून. "आत तेल असू दे, न्हाई तर गंजंल," असं दाजी जायच्या आधी सांगून गेले होते. कुठलं तेल ते सांगायचं राहिलं. दर खंडेनवमीला नांगर, कुळव, विळे धुऊन ओसरीत मांडत. आक्का त्यांच्या शेजारी फटफटी आणून उभी करायची. हळदीकुंकवाला तिला हात लावू देत नसत, म्हणून नुसतं झेंडूचं फूल वाहायची. मग दाजींनी दाखवला होता तसा प्लग काढून घाण्यावरचं करडीचं तेल वाटीभर आत ओतायची. "सवतीला जेवायला घातलंस का गं?" असं मी चिडवलं की हसायची... आणि एकदा पूजा केलेल्या वस्तूला पाय कसा लावायचा? फटफटी चालू होते ती पायानं दांडा दाबून. आक्कानं तो दांडा इतक्या वर्षांत कुणालाही दाबू दिला नाही.

मग लढाई आली. नव्या गाड्या येईनात, जुन्यांना गिऱ्हाईक आलं. जालन्याच्या एका ठेकेदाराचा माणूस, करीममियाँ, बघायला येणार म्हणून आक्कानं मला मुद्दाम बोलावून घेतलं. तिनं जालन्यात कापसाच्या जिनिंगच्या मागं एक खोलीही ठरवून टाकली होती. कपड्यांचं गाठोडं दाराशी तयार होतं. रंगनाथरावांनी ते पाहिलं, आणि पान लावत बसले.

करीममियाँ तर बघतच राहिला. "क्या बात है, बाई! काल पेटीतून काढल्यावानी दिसू राह्यली." टायर कडक झाले होते, पण ते बदलता येतील म्हणाला. आक्काचा चेहरा असा फुललेला मी तिच्या लग्नानंतर पाहिला नव्हता. मग त्यानं दांड्यावर पाय ठेवला आणि ती किंचाळली, "पाय नका लावू!"

"पाय न्हाई लावला तर चालू कशी व्हनार?"

आक्का पुढं झाली. दांड्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि बाजूला सरली. करीममियाँनं दांडा दाबला. हलला नाही. अंगाचा सगळा भार टाकून त्यावर उभा राहिला, तरी नाही. त्यानं प्लग काढून आत तार घातली. तारेच्या टोकाला तांबूस, डिंकासारखं काहीतरी चिकटून आलं. त्याचा वास घेऊन तो म्हणाला, "हे तर खायचं तेल हाय."

"करडीचं," आक्का म्हणाली. "घाण्यावरचं, बिलकुल ताजं. असं तर आम्ही फोडनीला बी घालत न्हाई." तिला वाटलं, आता भाव वाढणार.

करीममियाँनं तार मातीत पुसली. रंगनाथराव हसायला लागले, इतके की पान थुंकायला उठावं लागलं. "वहिनी, तेलाच्या बुधल्याचा चिकटा कोन घासतं आपल्या घरात? राख लावून लावून बोटं सोलतात ना तुमची? त्योच चिकटा भरला तुम्ही हिच्या पोटात!" आक्काला कळायला क्षणभर लागला. ते थांबले नाहीत. "जल्दी मरत न्हवती, म्हनून दर साली पाजलं. माझ्या भावाला तापात काढे बी तुम्हीच पाजत व्हता, न्हाई का?"

करीममियाँ हळू आवाजात म्हणाला की इंजिन आतून चिकटून बसलंय, आता उघडायचं नाही, जोर लावून फुटलंच तर विलायतेचे सुटे भाग लढाईत कुठून आणायचे. तो चाकं, दिवा आणि भोंगा तेवढा घेईल. तिथंच अंगणात त्यानं फटफटी सुटी केली. त्याच्या मोबदल्यात एखादं लुगडं आलं असतं. खोलीचा प्रश्नच मिटला. रंगनाथरावांनी पायानं गाठोडं दाखवलं. "ते आत घ्या. आन् पाव्हन्याला चहा ठेवा."

आक्कानं गाठोडं आत नेलं. मी चुलीपाशी जाऊन तिचा दंड धरला, म्हटलं, आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर चल, लोक गेले खड्ड्यात! ती म्हणाली, "दूध ठेवलंय, उतू जाईल." या वाक्याबद्दल मी तिला माफ केलेलं नाही. पुढची सगळी वर्षं ती त्याच घरात राबली आणि तिथंच संपली.

गेल्या आठवड्यात जालन्याला गेले तेव्हा विचारत विचारत त्या खोलीवर पोचले. घरमालकीण म्हातारी होती, तिला आक्का आठवत होती. "भाडं घिऊन येते म्हनून गेल्त्या, आल्याच न्हाईत. मंग मी सरकीची पोती टाकली खोलीत." पोती नुकतीच हलवली होती. कोपऱ्यात मातीची एक चूल होती. खोली ठरवली त्याच दिवशी आक्कानं स्वतः माती कालवून घातली होती म्हणे. मला हे ती कधी बोलली नव्हती. एका माणसाच्या तव्यापुरती, बारकी. कडेला तिची बोटं उठलेली. काळा डाग कुठंच नाही.

"उद्या भाडेकरू येऊ राह्यले, सहा जनं हायेत," म्हातारी म्हणाली. "त्यांना ही पुरायची न्हाई. फोडू का?"

मी म्हणाले, फोडा. तिनं पहार आणली, पण पहारीची गरज पडली नाही. जाळ कधी लागलाच नव्हता, माती कच्चीच होती; म्हातारीनं हात लावताच ढासळली.