भिंगरीचा विमा

इस्पितळाच्या धुलाईखान्यात ताई कामाला लागली तेव्हा तिचे केस काळेभोर होते. आता कुणी विचारलं तर ती सांगते, वाफेनं पिकले. धुलाईखाना तळघरात होता. वरच्या मजल्यांवरून चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे गाठोड्यांनी खाली यायचे, मोठाल्या यंत्रांत घुसळून निघायचे आणि ओलेगच्च ताईच्या पुढ्यात येऊन पडायचे. ताईचं काम तापलेल्या रुळावर. इकडून ओली चादर सरकवायची, तिकडून ती कोरडी, कडक होऊन बाहेर यायची. मग समोरच्या बाईनं दोन टोकं धरायची, ताईनं दोन, आणि घडी. या कामात बोलावं लागत नाही. ताईला ते मानवलं होतं. दोघींच्या वाटणीचं बोलणं धाकटीनंच उचललं, असं त्यांची आई म्हणायची.

धाकटीला सगळे भिंगरी म्हणत. पायाला भिंगरी, तोंडाला भिंगरी. आई गेली तेव्हा भिंगरी शाळेत होती. ताईनं तिला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. या धामधुमीत स्वतःचं लग्न राहूनच गेलं, आणि पुढे त्याची आठवण ना ताईला राहिली, ना कुणी करून दिली. भिंगरीचा नवरा मुलगी झाल्यावर एक दिवस "काम बघून येतो" म्हणून निघून गेला. "त्याला अजून काम सापडायचंय," असं भिंगरी हसत हसत सांगायची. रडत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं गाडी चालवायचा परवाना काढला, ताईला जामीन ठेवून कर्जावर एक जुनी व्हॅन घेतली आणि बेकरीचा पाव दुकानादुकानांत पोचवायला लागली. उजाडायच्या आत निघायची, दुपारपर्यंत मोकळी. मग मुलीला, ठकीला, शाळेतून घेऊन ताईच्या घरी यायची आणि घर डोक्यावर घ्यायची.

धुलाईखान्यात दर पगाराला एक गृहस्थ यायचे. पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, निवृत्तीनंतर विमा विकत होते. बायका त्यांना विमामास्तर म्हणत. एकदा ताईनं त्यांना बाजूला घेतलं.

"मास्तर, बहिणीचा विमा काढायचाय."

"बहिणीनं काढायचाय की तुम्ही?"

"ती कसली काढतेय! उद्याचं नाव काढलं की पळते. मीच काढते. हप्ते मीच भरेन."

मास्तरांनी चष्मा पुसला. "हे बघा ताई, भावाबहिणीच्या नावावर असा कुणालाही विमा काढता येत नाही. ती गेली तर तुमचं काय नुकसान होईल, ते दाखवावं लागतं."

"बहीण आहे माझी. नुकसान कसलं विचारता?"

"माया मोजता येत नाही हो कंपनीला. दुसरं काही?"

"व्हॅनच्या कर्जाला मी जामीन आहे."

"हां, हे चालेल," मास्तर म्हणाले. "पण सही त्यांची लागेल. आणि डॉक्टरांची तपासणी."

भिंगरीनं सही केली ती धुलाईखान्यातच, जेवणाच्या सुट्टीत, इस्त्रीच्या टेबलावर कागद ठेवून. सगळ्या बायका भोवती जमल्या होत्या. भिंगरीला गर्दी दिसली की चेव चढायचा. सही करून तिनं पेन हवेत उडवलं.

"आता जपून राहायला हवं गं बायांनो! उद्यापासून ताईनं चहा दिला की आधी मांजराला पाजणार, मग मी पिणार!"

बायका लोटपोट हसल्या. ताईसमोर घडी घालायला असायची ती बाई तर डोळे पुसत राहिली. ताईही हसली. "जिभेला काही हाड?" एवढंच म्हणाली.

पुढची काही वर्षं ताई हप्ते भरत राहिली. कधी दोन महिने चपलेचा अंगठा तुटका राहिला, कधी चष्म्याची काच बदलायची राहिली, पण हप्ता चुकला नाही. भिंगरीला त्याची आठवणही नव्हती.

मग त्या हिवाळ्यात एक दिवस भिंगरीच्या गल्लीतलं पाणी गेलं. नळाची दुरुस्ती चालली होती. ताईला सुट्टी होती. पावाची फेरी संपवून भिंगरी खांद्यावर टॉवेल टाकून आली.

"ताई, अंघोळीला आलेय. चहा टाक. मांजर आहे ना घरात?"

ताईचं न्हाणीघर म्हणजे कपाटाएवढं. भिंतीवर गॅसचा गीझर, वर एक सरकती खिडकी. खिडकी नेहमी उघडी असायची. भिंगरी खोकत होती. आठवडाभर तिची छाती भरलेली होती.

"खिडकी लावून घे," ताई म्हणाली. "वारं लागेल. खोकतेयस किती!"

खिडकी सरकल्याचा आवाज आला. मग पाण्याचा, मग भिंगरीच्या गाण्याचा. ताईनं चहा टाकला, भाजी चिरायला घेतली. गाणं थांबलं. पाण्याचा आवाज चालूच होता. ही बया सगळी टाकी रिकामी करणार, असं ताईच्या मनात आलं. भाजी चिरून झाली. चहा गाळून झाला.

"अगं, पुरे की आता!"

ताईनं दार ठोठावलं, मग धावत जाऊन शेजाऱ्याला बोलावलं.

शेजाऱ्यानं पहार आणून कडी तोडली. भिंगरी खाली बसल्यासारखी पडली होती, अंगावर गरम पाणी तसंच पडत होतं.

तिला नेलं ते ताईच्याच इस्पितळात. तिथं पोचल्यावर डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. बंद खोलीत गीझरचा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो, माणसाला कळत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. ताईनं मान हलवली. भिंगरीवर पांढरी चादर टाकली होती. ताईनं ती ओळखली. तिच्याच रुळावरून निघालेली. मधली घडी वाकडी पडली होती. ताई त्या वाकड्या रेघेकडे बघत उभी राहिली. तेवढंच तिला दिसत होतं. पोलिसांनी विचारलं ते तिनं सांगितलं. त्यांनी न्हाणीघर पाहिलं, अपघात म्हणून लिहिलं आणि गेले.

माणसं आली, गेली. "रड गं, मोकळी हो," असं प्रत्येकजण सांगून गेला. ताईला रडू येत नव्हतं. आत काहीतरी आहे आणि ते बाहेर येत नाही, असंही तिला वाटत नव्हतं. आत काही नव्हतंच. ती उठायची, ठकीची वेणी घालायची, कामावर जायची. ठकी आता तिच्याकडेच राहत होती. पोरगी न्हाणीघराकडे बघायचीही नाही. ताईनं गीझर काढून भंगारात दिला, गवंड्याकडून भिंतीला मोठं भोक पाडून जाळी बसवून घेतली, तरी ठकी स्वयंपाकघरातल्या मोरीतच अंग धुवायची.

पगार झाला तशी ताई पिशवीत पैसे घालून विमामास्तरांच्या घरी गेली. टेबलावर पैसे ठेवले. मास्तर त्या नोटांकडे बघत राहिले.

"ताई, हे कशाचे?"

"हप्ता."

मास्तरांच्या बायकोनं आतून पाणी आणलं. मास्तर हळूच म्हणाले, "आता हप्ता नाही भरायचा, ताई. आता त्यांनी द्यायचे."

"हां," ताई म्हणाली. पैसे उचलून पिशवीत घातले. "सवय झालीय."

दाव्याचे कागद मास्तरांनीच भरून दिले. कंपनीला ते सरळ वाटले नाहीत. बहिणीचा विमा बहिणीनं काढलेला, हप्ते बहिणीनं भरलेले, पैसे बहिणीलाच मिळणार, आणि मरण बहिणीच्या घरात. चौकशी लागली.

लोकांच्या तोंडाला कुणी हात लावायचा? गल्लीत कुजबुज सुरू झाली. दुकानदार सुटे पैसे देताना जरा जास्तच निरखून बघायला लागला. धुलाईखान्यात ताई आली की बोलणं थांबायचं. समोरची घडीवाली आता चादरीची टोकं धरायची, पण डोळे वर करायची नाही. चादर दोघींमध्ये ताणली जायची, दुमडली जायची, आणि पुढची यायची. ताईला हे सगळं दिसत होतं. लागत मात्र नव्हतं. बधिर झालेल्या दातावर डॉक्टर हत्यार चालवतो, तेव्हा आवाज ऐकू येतो, तसं.

चौकशीचा माणूस आला तो नेमका जेवणाच्या सुट्टीत. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, नम्र बोलणारा. आधी इतर बायकांशी बोलून आला होता. ताईला त्यानं त्याच टेबलापाशी बसवलं.

"तुमच्या बहिणीचं सही करताना चहाबद्दल काही बोलणं झालं होतं म्हणे? मांजराला पाजून बघेन, असं काहीतरी?"

ताईनं घडीवालीकडे पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करून डबा खात होती.

"हो. म्हणाली होती."

"का म्हणाल्या असतील?"

"हसवायला. तिला माणसं हसलेली आवडायची."

त्यानं लिहून घेतलं. "गीझर नेहमी चालू असताना खिडकी उघडी असायची?"

"हो."

"त्या दिवशी बंद होती."

"हो."

"त्यांनी बंद केली?"

"तिनं केली. मी सांगितलं म्हणून. खोकत होती. मी म्हटलं, खिडकी लावून घे."

त्या माणसाचं पेन थांबलं. त्यानं ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथं काही सापडेना तसा तो खुर्चीत मागे टेकला.

"बाई, हे तुम्ही सांगितलं नसतंत तरी कुणाला कळलं नसतं. घरात तुम्ही दोघीच होतात."

"तुम्ही विचारलंत," ताई म्हणाली.

"तुम्हाला माहीत होतं, खिडकी लावली की वायू साठतो?"

"उघडी ठेवायची एवढं माहीत होतं. गीझर बसवणाऱ्यानं सांगितलेलं. का, ते सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, वाफ जायला."

त्यानं वही मिटली आणि उगाचच विचारलं, "तुम्ही रोज या वाफेतच काम करता?"

"हो. लग्नाच्या वयाची होते तेव्हापासून."

तो उठला, घडीवालीला नमस्कार करून, ताईला नमस्कार करून जिना चढून गेला. सुट्टी संपली. रूळ सुरू झाला. पहिलीच चादर बाहेर आली तेव्हा घडीवालीच्या हातून एक टोक सुटलं.

"ताई, मी मुद्दाम नाही सांगितलं गं. त्यानं विचारलं, ती कशी होती. मला तेवढंच आठवलं. तिचं हसणंच आठवलं."

"टोक धर," ताई म्हणाली. "जमिनीला लागतंय."

उन्हाळा सरता सरता दावा मंजूर झाला. मास्तर स्वतः सांगायला आले. व्हॅन विकून आणि वर थोडे घालून ताईनं कर्ज मिटवलं होतं, म्हणून विम्याची सगळी रक्कम तिनं ठकीच्या नावावर बँकेत ठेवली. घरात एक चमचाही नवा आणला नाही. तरी गल्लीत म्हणणारे म्हणालेच, बाई पक्की आहे, दिसू देत नाही.

ते बोलणं शाळेपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. एक दिवस ठकी घरी आली ती दप्तर न काढताच दारात उभी राहिली.

"मावशी, आई मेली त्याचे तुला पैसे मिळाले?"

"मिळाले. तुझ्या नावावर ठेवलेत."

"खिडकी लाव असं तू म्हणालीस?"

"हो."

"मुद्दाम?"

"नाही. तिला खोकला होता."

ठकीनं ओठ दाबले. तिचा चेहरा लाल झाला. "मग तू रडत का नाहीस? सगळ्यांच्या मावश्या रडल्या असत्या!"

ताईनं खोटं बोलून बघावं असा विचार केला, पण ते सुचेना. "मला येत नाही गं," ती म्हणाली. "रोज वाटतं, आज येईल. येतच नाही."

ठकी दप्तरासकट तिथंच उंबऱ्यावर बसली आणि भोकाड पसरून रडली. ताई तिच्याशेजारी बसली. पाठीवर हात ठेवला. हात नुसता ठेवलेला होता, थोपटायचं सुचलं नाही, पण उचललाही नाही. शेजारची बाई दारात येऊन बघून परत गेली. ठकी रडून दमली, तेव्हा तिनं नाक ताईच्या पदराला पुसलं आणि भूक लागली म्हणाली.

त्यानंतर एका सकाळी, शाळेत जायच्या आधी, ताई शेगडीवर पाणी तापवत होती. ठकी टॉवेल घेऊन मोरीकडे न जाता न्हाणीघरापाशी उभी राहिली.

"मी आत जाते. दार उघडंच ठेव. तू इथंच बस. आणि बोलत राहा. थांबायचं नाही."

ताईनं बादली आत ठेवली, स्टूल आणून दाराबाहेर ओढलं, भिंतीकडे तोंड करून बसली. बोलायचं काय? उभ्या जन्मात तिनं कुणाला गोष्ट सांगितली नव्हती. आत पाण्याचा तांब्या बादलीला लागला.

"मावशी! बोल ना!"

"काल," ताई म्हणाली, "एका अभ्र्यात कवळी सापडली."

"कुणाची?"

"काय माहीत. धुतलेला अभ्रा, रुळात घालणार, तर टक्कन आवाज. बघते तर पूर्ण बत्तिशी. स्वच्छ, पांढरीशुभ्र. ज्यांची होती त्यांनीसुद्धा कधी इतकी घासली नसेल."

आतून ठकीच्या हसण्याचा आवाज आला. पाणी पडलं.

"मग? थांबलीस का?"

"नाही थांबले," ताई म्हणाली. "मग ती कवळी रुमालात गुंडाळून घडीवाली वर गेली. प्रत्येक खोलीत जाऊन विचारायला लागली, तुमचे दात का हो, तुमचे दात का... आणि तिसऱ्या मजल्यावर एक आजोबा होते..."