उरलेला भाग

भूतबित मी मानत नाही. मसणाले लागून असलेल्या वावरात अर्धी जिंदगी जागल केली, कधी काही दिसलं नाही. म्हणून हे लिवतानाही माह्या डोक्यात राग हाये.

आमचं गाव फुलसावंगीजवळ, तालुका महागाव. घर गावाच्या टोकाले, मागं लगेच वावर. माही बायको गिरजा सरपंच होती. तवा नागपूरची एक पोरगी आलती, दिल्लीच्या विद्यापीठात पीएचडी करणारी. विषय काय, तर देशोदेशीचे लोक परदेशात बसून पाण्याचे करार करतात, ते आमच्या ग्रामसभेपर्यंत पोचतात का! गिरजेनं तिले अख्खा दिवस दिला, भाकर खाऊ घातली. जाताना म्हणाली, "माये, माह्याबद्दल काय लिवलं ते येऊन वाचून दाखवजो."

"नक्की मावशी."

गेली ते गेलीच. फोन नाही, काही नाही. गिरजा खाटेवर पडली तरी विचारे, "ते पोरगी आली का जी?" मी म्हणो, "त्याईचं काम झालं. आता कायले येते?"

पौषात गिरजा गेली.

चैतात दुपारी वावरातून घरी आलो, तर ती पोरगी ओट्यावर! दाराले कुलूप, चाबी माह्या खिशात. समोर रिकामी सतरंजी, अन् ही जाड्या पुस्तकातून मोठ्यानं वाचून राह्यली.

"कोणाले वाचून दाखवून राह्यली वं?"

"मावशींनाच, काका. आत्ताच आत गेल्या... चुलीवर दूध आहे म्हणाल्या."

"मावशी पौषातच मेली!"

"काका, अशी मस्करी नका करू..."

"मस्करी तू करून राह्यली! ती जिवंत होती तवा कुठं मेलती तू?"

पोरगी पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून बोलली, "त्यांनी मला मधेच टोकलं, काका. मी लिहिलंय, गावात सरकार पोचत नाही. तर म्हणाल्या, मी असं बोललीच नाही. सरकार येते, पण बसत नाही, असं म्हणलं होतं."

ही गिरजाच. दुसरं कोणी असं बोलत नाही.

मंग तांब्या दिसला. गिरजेचा, काठाले चेपलेला. ती गेल्यावर मीच आत फडताळात ठेवलता. आता ओट्यावर होता... ओला. वर पेला पालथा, तिच्या सवयीनं.

भेव नाही वाटलं. राग आला. मी मागंच वावरात कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून राह्यलतो. मले एक हाक नाही मारली! रोज एकटा भाकर गिळतो, तवा नाही आली. अन् या परकीसाठी आली?

कुलूप काढलं. आत कोणी नाही. चूल थंडी.

पोरगी डोळे पुसत म्हणाली, "शेवटचा भाग राहिलाय, काका. ग्रामसभेचा. वाचून संपवते, कबूल केलं होतं."

"बंद कर ते."

"पण मावशींना..."

"नको म्हणलं ना! घेऊन जाय संगं. पुढच्या साली ये. अन् येच्या आधी मले फोन कर."

तांब्या बाहेर कसा आला, मले आजही समजलं नाही. तुमच्यातल्या शिकलेल्यायनं सांगावं, सांगता येत असन तर. मले एवढंच ठाऊक हाये — गिरजेले अर्धवट आयकून कधी जमलं नाही. उरलेलं आयकाले ती येईन.

या खेपी सतरंजीवर मी आधीच बसून राहीन.