आमच्या झेंडूचा डेटटाइम

आमच्या मळ्यात यंदा झेंडू उत्तम आला. फक्त दसरा झाल्यावर आला.

याचं श्रेय संपूर्णपणे माझं! सायखेड्याला आमचा मळा. वडील, म्हणजे अण्णा, दरवर्षी दसऱ्याचा बाजार धरून झेंडू लावतात. दसरा हुकला की त्या फुलांना कुणी विचारत नाही. मी नाशकात कॉम्प्युटरवर नोकरी करणारा. रजा काढून घरी आलो आणि जाहीर केलं, "अण्णा, यंदा अंदाजपंचे काही नाही! मी पायथनमध्ये प्रोग्राम लिहितो. दसऱ्याची तारीख टाकायची, लावणीचा दिवस बाहेर!"

(भिंतीवर कॅलेंडर होतं. पण बोटांवर मोजायचं तर पदवी कशाला घेतली?)

पायथनमध्ये तारखांच्या गणितासाठी 'डेटटाइम' नावाची तयार सोय असते. ती आपल्या प्रोग्राममध्ये बोलावून घ्यायची, एका ओळीचं काम. मी बोलावली. मंगळवारी सकाळी बटण दाबलं, तर उत्तर आलं: डेटटाइममध्ये असलं काही नाही!

"रोपं आली रे. लावू का?" अण्णांनी दारातून विचारलं.

"थांबा अण्णा! पाच मिनिटं!"

ती पाच मिनिटं शनिवारपर्यंत चालली. मी ती ओळ उलटी लिहिली, सुलटी लिहिली, दोनदा लिहिली. पायथन काढून परत टाकलं. नेटला शिव्या घातल्या (प्रोग्रामला नेट लागतच नव्हतं!). ओट्यावर रोपं माना टाकायला लागली. आई त्यांच्यावर पाणी शिंपडायची आणि माझ्याकडे बघायची.

"लय झालं आता! लावू का नाय?" अण्णा कडाडले.

"अण्णा, शास्त्रात घाई नसते!"

रविवारी माझी बायको मेघा माहेराहून आली. ती कॉलेजात हेच शिकवते. बॅग खाली न ठेवताच तिनं स्क्रीनकडे पाहिलं.

"अहो, या फाइलला नाव काय दिलंत?"

"डेटटाइम. तारखांचा प्रोग्राम आहे ना!"

"आणि आत हाक कुणाला मारताय?"

"डेटटाइमला."

"अहो, हाक मारली की पायथन आधी शेजारी बघतो. शेजारी तुमचीच फाइल! ती स्वतःलाच बोलावतेय आणि माझ्याकडे काही नाही म्हणून सांगतेय!"

तिनं फाइलचं नाव बदलून 'झेंडू' केलं आणि बटण दाबलं. उत्तर झटक्यात आलं. लावणीचा दिवस: मंगळवार. गेलेला मंगळवार!

अण्णांनी ते वाचलं, रोपं उचलली आणि वावरात गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही बापलेक पंचवटीच्या बाजारात उभे, झेंडू विकत घ्यायला! फुलवाल्यानं अण्णांना ओळखलं.

"अण्णा, तुम्ही आन् विकत? रोपं उशिरा लावली का काय?"

"कॉम्प्युटरनं घोळ घातला हो," मी घाईघाईनं सगळं त्या निष्पाप यंत्रावर ढकललं.

"त्याला बोल लावू नको," अण्णा म्हणाले. "त्यानं बराबर सांगितलं व्हतं. बियाणं आमच्याच घरचं, दोष कुणाला देऊ!"

फुलवाल्यानं मला नखशिखांत न्याहाळलं आणि पिशवीत दोन फुलं जास्त टाकली. सांत्वनाची असावीत.